किक अडवण्याचे नियम (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉल या खेळात पंट, फील्ड गोल अथवा अतिरिक्त गुणासाठीची किक अडवताना बचाव करणाऱ्या संघाने पाळावयाचे काही विशेष नियम आहेत. प्रस्तुत लेखातील तरतुदी नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेतील आहेत; महाविद्यालयीन नियम काही बाबतींत वेगळे आहेत.

किकरचे संरक्षण

किक मारताना किकर एका पायावर उभा असतो व त्याचे लक्ष चेंडूकडे असते. त्यामुळे धडक चुकवणे त्याला शक्य नसते. त्याला जोरदार धडक दिल्यास, किंवा दुसरा पाय हवेत असताना जमिनीवर टेकलेल्या पायाला धक्का दिल्यास १५ यार्डांचा दंड होतो आणि किक मारणाऱ्या संघास आपोआप नवा पहिला डाउन मिळतो. किरकोळ धक्क्यास केवळ ५ यार्डांचा दंड असतो. पहिल्या डाउनसाठी ५ किंवा त्याहून कमी यार्ड हवे असल्यास मात्र हा सौम्य दंडही तितकाच महाग पडतो. बचावपटूने आधी चेंडूला स्पर्श केला असेल, किंवा प्रतिस्पर्ध्यानेच त्याला किकरवर ढकलले असेल, तर दंड होत नाही.

उडीवरील बंदी

इतर खेळाडूंच्या अंगावर भार देऊन उंची मिळवणे निषिद्ध आहे. रेषेवरून झेप घेणे मात्र पूर्वी काही अटींवर चालत असे. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या जस्टिन सिमन्सने अशाच झेपेने न्यू ऑर्लिन्स सेंट्सची अतिरिक्त गुणाची किक अडवली. विल पार्क्सने चेंडू पळवत नेऊन दोन गुण मिळवले व डेन्व्हरने सामना २५–२३ असा जिंकला. २०१७ पासून अशा झेपेवर बंदी आहे.

अडवलेला चेंडू

अडवलेली किक स्क्रिमेज रेषेच्या मागेच राहिली, तर कोणताही संघ चेंडू उचलून धावू शकतो. चेंडू रेषा ओलांडून गेल्यास तो बचाव करणाऱ्या संघाचा होतो. परंतु त्या संघाच्या खेळाडूने रेषेपलीकडे त्याला हात लावला व तो निसटला, तर किक मारणारा संघही तो ताब्यात घेऊ शकतो. नवख्या प्रेक्षकाला ही तरतूद चमत्कारिक वाटते, आणि खेळाडूही तिथे फसले आहेत. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी डॅलस काउबॉइज १४–१३ असे आघाडीवर असताना त्यांनी मायामी डॉल्फिन्सची ४१ यार्डांची किक अडवली. अवघी १५ सेकंदे उरली होती. चेंडू तसाच पडू दिला असता तरी विजय निश्चित होता. डॅलसचा लिऑन लेट मात्र बर्फाळ मैदानावर घसरत त्याच्यावर झेपावला, चेंडू निसटला आणि मायामीने तो एक यार्ड रेषेपाशी पकडला. पीट स्टॉयानोविचने पुन्हा किक मारली व मायामी १६–१४ असे विजयी झाले.