पडीक शेतातील वृक्ष आणि मातीतील कर्ब

वसई म्हटले की केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या आणि पावसाळी भातशेती यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि मुंबईच्या सान्निध्यामुळे येथील शेतीचे क्षेत्र आटत गेले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. जेथे आता नांगर चालत नाही आणि इमारतही उभी राहिलेली नाही, अशा जमिनीवर वृक्षलागवड करावी, हा विचार स्वाभाविकच पुढे येतो. झाड हवेतील कर्ब लाकडात साठविते, हे सर्वश्रुत आहे. झाडाखालच्या मातीचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

मातीचे भांडार

जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणातील कर्बापेक्षा हा साठा बराच मोठा आहे. पाने व मुळे कुजून तो तयार होतो. नांगरटीमुळे मातीत हवा शिरते व सेंद्रिय द्रव्य लवकर विघटित होते. शिवाय पीक कापून नेल्याने मातीला थोडेच परत मिळते. नांगर थांबून पालापाचोळा आणि मुळे मातीत मिसळू लागली की ही झीज भरून निघू लागते.

गुओ व गिफर्ड या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. शेतजमिनीवर लागवड केल्यास मातीतील कर्ब सरासरी १८ टक्क्यांनी, तर नैसर्गिक वन पुन्हा वाढू दिल्यास ५३ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. उलट, कुरणावर लागवड केल्यास तो १० टक्क्यांनी घटला होता. म्हणजेच पूर्वी जमीन कशासाठी वापरात होती, यावर पुढील लाभ अवलंबून असतो.

हा लाभ किती असू शकतो? एक हेक्टर जमिनीचा ३० सेंटीमीटर जाडीचा थर, घनता दर घनसेंटीमीटरला १.३ ग्रॅम धरल्यास, ३,९०० टन भरतो. त्यातील सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांवरून ०.६ टक्के झाला, तर ३.९ टन कर्ब, म्हणजे १४ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायू, मातीत बांधला जातो.

वसईतील विशेष बाबी

भातखाचरात पावसाळ्यात पाणी साचते. तेथे प्राणवायू कमी असल्याने सेंद्रिय द्रव्य सावकाश कुजते. बांध फोडून पाणी काढून दिल्यास ते वेगाने कुजू लागते. म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मातीतील कर्ब घटणेही शक्य आहे. सर्व जमीन नांगरून घेण्याऐवजी रोपापुरताच खड्डा खणणे यासाठी हितावह ठरते.

कोकणात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा व फांद्या जाळून राब भाजण्याची जुनी रीत आहे. नव्या लागवडीतील पाला मात्र जाळू नये. जो कर्ब मातीत जावयाचा तो धुरावाटे हवेत जातो. शिरीष, करंज, गिरिपुष्प यांसारखी नत्र स्थिर करणारी झाडे स्थानिक जातींबरोबर मिश्र स्वरूपात लावावीत.

मोजमाप आणि मुदत

केवळ लावलेल्या रोपांची संख्या म्हणजे साठलेला कर्ब नव्हे. लागवडीपूर्वी माती तपासून घ्यावी आणि काही वर्षांनी त्याच जागी, त्याच खोलीवर व त्याच ऋतूत पुन्हा तपासावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत सेंद्रिय कर्बाचा समावेश आहे. शिक्षकांना हे काम विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज करता येईल.

जमिनीचा वापर बदलल्यानंतर मातीतील कर्ब नव्या पातळीवर स्थिरावण्यास साधारणतः २० वर्षे लागतात, असे आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत गृहीत धरले आहे. वसईसारख्या ठिकाणी, जेथे प्रत्येक मोकळ्या भूखंडावर बांधकामाची नजर आहे, तेथे ही मुदत निर्णायक ठरते. दहाव्या वर्षी पाया खणला गेला, तर साठलेला बराचसा कर्ब पुन्हा हवेत जाईल. म्हणून ग्रामपंचायतींनी व अधिकाऱ्यांनी रोपे मागविण्यापूर्वी ती जमीन किमान वीस वर्षे वृक्षांखाली राहील याची निश्चिती करून घ्यावी.