ब्रिटनमधला धर्म: ओसरतोय की बदलतोय?

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आलं. त्याच्या वीस वर्षं आधी ते ७२ टक्क्यांच्या आसपास होतं. ‘कोणताही धर्म नाही’ असं नोंदवणारे त्याच काळात १५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. या आकड्यांवरून दोन निष्कर्ष सर्रास काढले जातात: बाहेरून आलेल्यांनी देशाचा धर्म बदलून टाकला, आणि उरलेला देश नास्तिक झाला. मला दोन्ही चुकीचे वाटतात. बदलली आहे ती धर्म माणसाकडे येण्याची रीत. पूर्वी तो आईवडिलांकडून आपसूक यायचा. आता तो ज्याचा त्याला ठरवावा लागतो.

स्थलांतराचा मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत मुस्लिमांची संख्या २७ लाखांवरून ३९ लाखांवर गेली, म्हणजे वाढ १२ लाखांची. धर्म नाही म्हणणारे मात्र ८० लाखांनी वाढले, आणि ख्रिस्ती जवळपास ५८ लाखांनी घटले. शिवाय बाहेरून येणाऱ्यांत पोलंडचे कॅथलिक आणि नायजेरियाचे ख्रिस्तीही आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी चर्च भरलेली दिसतात. खरी उकल वयात आहे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं मध्यक वय ५१, तर धर्म नाही म्हणणाऱ्यांचं ३२. जुनी पिढी जाते आहे आणि तिच्या नातवंडांना तो वारसा आपला वाटत नाही.

मग ही नातवंडं नास्तिक आहेत का? जनगणनेचा अर्ज नीट पाहिला तर इतकं ठाम बोलता येत नाही. त्यातला धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे. २०२१मध्ये सहा टक्के लोकांनी तो कोराच सोडला. पर्यायांत पहिलाच चौकोन ‘धर्म नाही’ असा आहे. देव मानता का, प्रार्थना करता का, हे अर्ज विचारतच नाही. कुठल्याही धर्मसंस्थेशी नातं न सांगता देव मानणारी माणसं असतात. समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४मध्येच या तुटलेपणाकडे लक्ष वेधलं होतं. यावर कुणी म्हणेल, मग असे आकडे काय कामाचे? ते श्रद्धा मोजत नाहीत हे खरं, पण ओळख मोजतात. चर्चची पायरी न चढताही सवयीने ‘ख्रिस्ती’वर खूण करणारा माणूस ती खूण करेनासा होतो, ही समाजाच्या दृष्टीने मोठी घटना आहे.

आणि बाहेरून आलेल्यांच्या धर्माचं काय? पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवर एक विटांची इमारत आहे. भिंतीवरच्या सूर्यघड्याळावर १७४३ हे साल आजही वाचता येतं. फ्रान्समधून छळामुळे पळालेल्या ह्यूगनो प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे तिथे मेथडिस्ट आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६पासून, मुख्यतः बांगलादेशी वस्तीसाठी, मशीद आहे. यातल्या बाहेरून आलेल्यांना धर्माने परक्या शहरात आधार दिला. हा आधार मुलांनाही तितकाच लागेल, असं मात्र गृहीत धरता येत नाही. शेजारी चार धर्मांची आणि धर्म नसलेलीही मुलं असतात, तेव्हा आपण हे का मानतो याचं उत्तर मुस्लिम, हिंदू, शीख मुलांनाही स्वतः शोधावं लागतं. काहींची श्रद्धा त्यातून अधिक पक्की होते, काहींची सुटते. निवडीचं हे ओझं फक्त ख्रिस्त्यांवर नाही.

राज्यव्यवस्था या बदलामागून रखडत चालली आहे. मे २०२३मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबलमधला उतारा वाचला. संसदेच्या लॉर्ड्स सभागृहातल्या हिंदू, मुस्लिम, शीख आणि ज्यू सदस्यांनी राजचिन्हं आणून दिली. चर्च ऑफ इंग्लंडचा अधिकृत दर्जा सर्वच धर्मांना छत्र देतो, असं त्याचे समर्थक म्हणतात, आणि त्या सोहळ्यात ते काही अंशी दिसलंही. पण छत्र धरणं वेगळं आणि कायदे करणाऱ्या सभागृहात राखीव जागा असणं वेगळं. लॉर्ड्स सभागृहात चर्च ऑफ इंग्लंडच्या २६ बिशपांना केवळ पदामुळे जागा मिळते. निम्म्याहून कमी लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असलेल्या देशात या जागा आता सोडायला हव्यात.