नकाशाआधी छायाचित्राची पारख

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि सगळ्यांचे लक्ष बुलढाणा जिल्ह्याकडे वळले. लँडसॅट-8 उपग्रहाने 25 मे आणि 10 जूनला टिपलेली चित्रे ‘नासा’ने प्रसिद्ध केली. पहिल्यात पाणी हिरवे, दुसऱ्यात गुलाबी. रंगबदल दाखवायला ती चित्रे उत्तम होती. मात्र त्यांच्यावरून काठावरच्या मंदिरांचा आणि पायवाटांचा नकाशा काढता येणार नाही. लँडसॅटच्या रंगीत चित्रातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर लांब-रुंद तुकडा. सरोवर ज्या विवरात आहे, त्याचा सुमारे 1.8 किलोमीटरचा अख्खा व्यास साठेक पिक्सेलांत संपतो. पायवाट त्यात दिसणार कुठून?

बारीक तपशील हवा असेल तर पायरीपायरीने वर जावे लागते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटरची चित्रे मोफत मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवी येतात. पिके, पाणी, जंगल यांच्यासाठी ती पुरतात. भारतीय उपग्रहांची चित्रे दाखवणारे ‘इस्रो’चे भुवन संकेतस्थळ 2009 पासून आहे. 2023 च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार 5 मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रे सर्वांना मोफत खुली आहेत. घर, विहीर, गोठा वेगळा ओळखायचा तर अर्ध्या मीटरच्या आसपासचे चित्र लागते. नोव्हेंबर 2019 मध्ये सोडलेला कार्टोसॅट-3 त्याहूनही बारीक पाहतो.

चित्र स्पष्ट आहे एवढ्याने काम भागत नाही. आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, तारीख. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. बांधकामाआधीच्या चित्रात मेहकर, सिंदखेडराजा भागात त्या जागी नुसती शेते दिसतील. ऋतूही पाहावा. पावसाळ्यात ढग आड येतात, उभ्या पिकात धुरे आणि पांदण रस्ते झाकले जातात. उन्हाळ्यातल्या मोकळ्या रानात त्याच रेषा ठळक उमटतात.

दुसरी, जागा. उपग्रह दर वेळी बरोबर डोक्यावरून पाहत नाही, अनेकदा तिरका पाहतो. लोणारच्या विवराचा काठ तळापासून सव्वाशे मीटरहून अधिक उंच आहे. कॅमेरा 20 अंश तिरका असेल आणि चित्र सरळ करताना उंचीचा हिशेब धरला नसेल, तर काठ आणि तळ यांचे परस्परांतील स्थान सुमारे 45 मीटरने चुकते. सपाट शेतात ही चूक फार जाणवत नाही. इथे मात्र काठावरची वाट थेट उतारावर जाऊन पडते. म्हणून रस्त्याचा एखादा चौक किंवा पुलाचे टोक जीपीएसने मोजावे आणि चित्राशी ताडून पाहावे.

तिसरी, परवाना. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशासाठी बिंग आणि एस्री यांची चित्रे गिरवायला परवानगी आहे. गुगलची चित्रे मात्र गिरवता येत नाहीत. चित्र पडद्यावर दिसते म्हणून ते आपले होत नाही.

सर्वांत बारीक चित्र ड्रोनचे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने होते. उड्डाणाआधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. पाच सेंटिमीटरच्या पिक्सेलमध्ये ती पांढरी रेघ स्पष्ट उमटते आणि तिच्या आधाराने मिळकतीचा नकाशा, पुढे मिळकत पत्रिका तयार होते. शेजाऱ्यांनी समोरासमोर उभे राहून मान्य केलेली हद्द थेट नकाशावर येते, हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

केंद्र सरकारच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढली. कायद्याची वाट मोकळी झाली. अडते ते ताज्या, बारीक चित्रांपाशी. सार्वजनिक पैशातून काढलेली गावांची ड्रोनचित्रे, खासगीपणा जपून, ग्रामपंचायती आणि महाविद्यालयांना अभ्यासासाठी मिळायला हवीत. कोणता नाला कोरडा पडला, कोणत्या शेततळ्यात पाणी टिकले, कोणती पांदण अडली, हे गावातल्या विद्यार्थ्यांइतके अचूक कोण नोंदवेल? त्यांच्या हाती योग्य तारखेचे, जागेवर बसणारे आणि वापरायला मोकळे चित्र दिले, तर पाण्याचे नियोजन करताना गावाला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.