हौशी रेडिओचालकांवर मोर्सची सक्ती असावी काय?

चर्चच्या घंटेची भाषा आपल्या गावातील लहान मुलासही कळते. मिस्सेची घंटा निराळी, सायंप्रार्थनेची निराळी, आणि कोणी निवर्तल्यावर सावकाश, थांबून थांबून पडणारे टोले तर सर्वांहून निराळे. घंटा एक शब्दही बोलत नाही. टोल्यांची संख्या आणि त्यांमधील अंतर एवढ्यावरच ती सारा निरोप सांगते. शेतात वाकलेला मनुष्य ते टोले ऐकून मान वर करतो, आणि त्याला काय समजावयाचे ते समजते.

अमेरिकेतील चित्रकार सॅम्युएल मोर्स व त्यांचे साहाय्यक आल्फ्रेड व्हेल यांनी जी संकेतलिपी सिद्ध केली, तिचे मर्म हेच आहे. एक आखूड ठोका, एक लांब ठोका आणि मधला विराम, एवढ्या भांडवलावर सारी मुळाक्षरे उभी राहतात. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोर शहरी तारेने पहिला जाहीर संदेश गेला. तो होता पवित्र शास्त्रातील ‘गणना’ या ग्रंथातला एक उद्गार. त्यानंतरची शंभर वर्षे जगाचे सुखदुःख याच ठोक्यांवरून धावले. आपल्याकडे ‘तार आली’ एवढे शब्द कानी पडताच घरातील बायका पाकीट फोडण्यापूर्वीच डोळ्याला पदर लावीत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारघरातील ती कट्ट-कडकट्ट तर त्याच्या कितीतरी आधी थांबली होती.

तारघरातून गेलेली ही लिपी हौशी रेडिओचालकांच्या जगात मात्र अजून जिवंत आहे. हौशी रेडिओचालक, ज्यांना लोक ‘हॅम’ म्हणतात, ते कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता, सरकारचा परवाना घेऊन, आपल्या घरच्या बिनतारी यंत्रावरून देशोदेशींच्या अनोळखी माणसांशी संभाषण करतात. विद्येची आवड हीच त्यांची कमाई. हा परवाना हवा असेल तर मोर्सची लिपी आलीच पाहिजे काय, या प्रश्नावर त्यांच्यामध्ये अनेक वर्षे मोठा वाद झाला. वाद दूरचा वाटला तरी त्यातील प्रश्न आपल्या घरचा आहे. जुन्या पिढीने कष्टाने मिळविलेली विद्या नव्या पिढीवर सक्तीने लादावी, की तिच्या आवडीवर सोडावी?

सक्ती कशी आली?

आरंभी ही अट कोणाच्या लहरीखातर घातली गेली नव्हती. बिनतारी यंत्रे प्रथम आली तेव्हा त्यांवरून आवाज जातच नसे. जात असत ते केवळ ठोके. शिवाय आकाश सर्वांचे एकच. एकाने भलत्या वेळी यंत्र चालविले तर दुसऱ्याचा संदेश बुडे. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाज बुडाले, त्या रात्री जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड या दोन तरुण चालकांनी अखेरपर्यंत साहाय्याची हाक चालू ठेवली. ती ऐकून ‘कार्पेथिया’ जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक जीव वाचले. फिलिप्स मात्र परतला नाही. पाठोपाठ उलटसुलट संदेशांचा जो गोंधळ उडाला, त्याचा दोष पुष्कळसा हौशी चालकांवर आला. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून त्यांच्यासाठी परवाना आवश्यक केला आणि त्यांना दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरींवर बसविले. त्या लहरी निरुपयोगी, अशी तेव्हाची समजूत होती.

अशा काळात मोर्स येणे ही केवळ विद्वत्ता नव्हती, ती शेजारधर्माची पहिली पायरी होती. संकटातील जहाज हाक मारीत आहे हे ज्याला कळत नाही, तो आपले यंत्र बंद तरी कसे करणार? म्हणून पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतही अट आली की, परवाना मागणाऱ्यास मोर्सचे संदेश हाताने बिनचूक पाठविता आणि कानाने बिनचूक घेता आले पाहिजेत.

या हौशी मंडळींनी आपल्या शिक्षेचे सोने केले, हेही सांगितले पाहिजे. ज्या आखूड लहरी टाकाऊ म्हणून त्यांच्या पदरी घातल्या गेल्या, त्यांवरूनच नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स येथील हौशी चालकांनी अटलांटिक महासागरापलीकडे एकमेकांशी संभाषण केले. तेही मोर्सच्या ठोक्यांनीच.

सक्ती कशी सुटली?

पुढे यंत्रांवरून आवाज जाऊ लागला. मोठ्या जहाजांवर उपग्रहाची साधने आली. फ्रान्सच्या नौदलाने ३१ जानेवारी १९९७ रोजी मोर्समधून जगाचा शेवटचा निरोप घेतला, आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रावरील संकटसंदेशांसाठी नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. गोव्याच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतील कर्ते पुरुष जहाजांवर असतात. त्यांच्या जिवाची राखण तेव्हापासून मोर्सच्या कानांकडे राहिली नाही.

हौशी चालकांची अटही टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९७९ च्या परिषदेनंतर ती तीस मेगाहर्ट्झच्या खालील लहरींपुरती उरली. अमेरिकेत वरच्या वर्गांच्या परवान्यासाठी मिनिटाला तेरा आणि वीस शब्दांचा वेग लागे. २००० साली तो सर्वांसाठी पाच शब्दांवर आला. २००३ च्या जिनिव्हा येथील जागतिक परिषदेने ठरविले की, ही परीक्षा ठेवावी की नाही हे प्रत्येक देशाने आपले आपण पाहावे. ब्रिटनने त्याच वर्षी ती काढून टाकली. अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये. भारताने मधला मार्ग धरला. प्रतिबंधित वर्गाच्या परवान्यास मोर्स लागत नसे, आणि सर्वसाधारण वर्गाच्या परीक्षेत ती २००३ नंतरही ठेवली गेली. नियम बदलत असतात. ज्या तरुणास परीक्षेस बसावयाचे असेल त्याने ते केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून वेळीच पाहून घ्यावेत.

सक्तीच्या बाजूने

ज्यांनी अट राहावी म्हणून आग्रह धरला, त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यांचा पहिला मुद्दा व्यवहाराचा. मनुष्याच्या आवाजाला लहरींच्या पट्ट्यात सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्सला दीडदोनशे पुरतात. पाटाचे पाणी रुंद वाफ्यात सोडले तर दोन पावलांवर जिरते, आणि तेच अरुंद चरातून सोडले तर बागेच्या टोकापर्यंत पोचते, तसेच हे आहे. पाच वॅट, म्हणजे घरातील लहानशा दिव्याइतक्या शक्तीने, हवामान अनुकूल असता मोर्सचा संदेश समुद्रापार जातो. यंत्रही असे साधे की, हुशार मुलगा थोड्याशा सुट्या भागांतून ते स्वतः जुळवू शकतो.

दुसरा मुद्दा असा की, मोर्सला यंत्राचीही गरज नसते. व्हिएतनामच्या युद्धात बंदिवान झालेले अमेरिकन वैमानिक जेरेमाया डेंटन यांना १९६६ साली शत्रूने चित्रफितीसमोर बसविले. तोंडाने ते बोलत होते वेगळेच. परंतु पापण्यांची उघडझाप करून त्यांनी मोर्समध्ये ‘छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द अक्षराअक्षराने सांगितला. विद्या एकदा अंगात मुरली की ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

तिसरा मुद्दा शिस्तीचा. मोर्स शिकणाऱ्याला प्रथम गप्प बसावे लागते. महिनोन्‌महिने कान देऊन ऐकल्यावाचून ती येत नाही. जो ऐकावयास शिकला तो दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालीत नाही. उठवळ माणसे आपोआप बाहेर राहतात, असे जुन्या मंडळींचे म्हणणे.

दुसरी बाजू

आता या मुद्द्यांचे वजन करू. दूर पोचण्याचा गुण मोर्समध्ये खचित आहे, परंतु तो आता एकट्या मोर्सचा नाही. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ जोसेफ टेलर हे स्वतः हौशी चालक. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७ साली संगणकावर चालणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. कसलेल्या कानालाही जो क्षीण संदेश लागणार नाही, तो ती टिपून घेते.

संकटकाळाचे पाहू. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान व निकोबार बेटांवर आघात केला, तेव्हा श्रीमती भारती प्रसाद या हौशी चालक आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे होत्या. दूरध्वनी मुके झाले असता याच मंडळींच्या यंत्रांवरून बेटांवरील माणसांची कुशलवार्ता मुख्यभूमीवरील नातलगांना कळू लागली. ते काम मुख्यतः तोंडच्या बोलण्याने झाले. भेदरलेल्या घरी निरोप पोचला की नाही हे महत्त्वाचे; तो ठोक्यांनी पोचला की शब्दांनी, हे कोण विचारतो?

आपल्या शेजारच्या नेपाळातील एक उदाहरण वाचकांना विशेष आवडेल. येशूसंघीय धर्मगुरू फादर मार्शल मोरन यांनी १९५१ साली काठमांडूजवळ गोदावरी येथे शाळा सुरू केली. हेच फादर मोरन पुढे कित्येक वर्षे नेपाळातील जवळजवळ एकमेव हौशी चालक होते, आणि त्यांचा आवाज ऐकण्यासाठी जगभरचे चालक रात्री जागत. आपल्या संकेतनामातील शेवटची दोन ‘एम’ अक्षरे ते ‘मिकी माऊस’ अशी फोड करून सांगत! १९९२ साली त्यांचे निधन झाले. हिमालयातील त्या एकाकी देशाला त्यांनी जगाशी जोडले ते आपल्या बोलण्याने आणि दिलदार स्वभावाने.

राहता राहिली शिस्त. सक्तीच्या परीक्षेने उठवळ माणसे वगळली जातात हे खरे धरले, तरी त्यांच्यासोबत आणखी कोण वगळले जाते? ज्याला कानाने कमी ऐकू येते तो. ज्याचे हात कापतात तो वृद्ध. वीजशास्त्र उत्तम जाणणारी, पण संसारातून रोज तासभर सरावाला न मिळणारी गृहिणी. अडसर म्हणजे गुणाची कसोटी नव्हे. मच्छीमाराच्या होडीला यंत्र बसले म्हणून शहाणा मनुष्य वल्हे फेकून देत नाही. परंतु यंत्रहोडी चालविण्याचा परवाना देताना वल्ह्यांची शर्यत जिंकून दाखव, असेही कोणी म्हणत नाही.

मान कशाचा, निरोपाचा की ठोक्याचा?

या वादावर प्रकाश टाकणारा आणखी एक धर्मगुरू झाला. फादर योझेफ मुर्गाश हे मूळचे स्लोवाक, १८६४ सालचा जन्म. मोर्स यांच्याप्रमाणे तेही चित्रकार. १८९६ साली ते अमेरिकेस गेले आणि विल्क्स-बार या खाणींच्या गावी आपल्या स्थलांतरित देशबांधवांचे पाळक झाले. मोर्सच्या लिपीत लांब ठोक्याला आखूड ठोक्याच्या तिप्पट वेळ लागतो, हे त्यांना खटकले. दोन्ही ठोके सारख्याच लांबीचे ठेवून त्यांना दोन वेगळे स्वर दिले तर वेळ वाचेल, असे त्यांनी ताडले. १९०४ साली त्यांना या पद्धतीचे अमेरिकन एकस्व मिळाले, आणि नोव्हेंबर १९०५ मध्ये विल्क्स-बार ते स्क्रँटन या शहरांदरम्यान त्यांनी तिचा जाहीर प्रयोग करून दाखविला. मोर्सचा मान राखावा म्हणून ते थांबून राहिले असते तर? त्यांच्या दृष्टीने पूज्य होता तो निरोप. ठोका हे केवळ त्याचे वाहन.

आमचे मत म्हणून असे आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी जे अपरिहार्य तेवढेच कायद्याने सक्तीने मागावे. १९१२ साली मोर्स अपरिहार्य होती, म्हणून तिची सक्ती न्याय्य होती. आज विजेचे नियम, लहरींची मर्यादा, दुसऱ्याच्या संदेशात व्यत्यय न आणण्याची शिस्त आणि आपत्काळी करावयाचे वर्तन, एवढे प्रत्येकाला आलेच पाहिजे, आणि त्याची परीक्षा कडक असावी. मोर्सची सक्ती मात्र नसावी. जेथे ती उठली तेथे योग्यच झाले.

तथापि सक्ती उठणे म्हणजे विद्या मरणे नव्हे. मोर्सची जागतिक अट सुटली २००३ साली. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ई-मेलच्या पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हासाठी मोर्समध्ये नवा संकेत जोडला. मेलेल्या भाषेत कोणी नवे अक्षर घालीत नाही. परीक्षेचे भय गेले तरी आजही हौशी चालक हौसेने ती शिकतात, आणि लहरींच्या पट्ट्यांत तिचे ठोके रोज ऐकू येतात.

ज्या घरात यंत्रांची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, त्या आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलाला परवान्याच्या परीक्षेस बसू द्या, आणि मोर्स येत नाही म्हणून त्याला हिणवू नका. त्याने आपण होऊन शिकावयाचे ठरविले तर मात्र मनापासून उत्तेजन द्या. आरंभी रोज वीस मिनिटे पुरेत. ठोके मोजावयास न लावता प्रत्येक अक्षराचा नाद कानाने ओळखावयास लावा. आपण घंटेचे टोले तरी कुठे मोजीत बसतो? ऐकता ऐकता ते कळू लागतात.