गल्ल्यामागची खुर्ची

जर्मनीतील एसेन शहराच्या शोनेबेक या उपनगरात 1913 साली अल्ब्रेख्त कुटुंबाने थाटलेल्या एका लहानशा किराणा दुकानातून जिचा उदय झाला, आणि सिगारेटी विकाव्यात की नाही या वादापायी कार्ल व थिओ हे बंधू विभक्त झाल्याने 1960च्या सुमारास जिच्या उत्तर व दक्षिण अशा दोन स्वतंत्र वाटण्या झाल्या, त्या आल्डी या स्वस्त दुकानांच्या साखळीच्या शाखा आज पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत युरोपभर पसरल्या आहेत. जर्मनीतल्या अशा एका शाखेत मी, खरेदी उरकल्यावरही, केवळ काम पाहण्यासाठी रेंगाळलो.

तेथे जिन्नस फळीवर एकेक मांडीत बसत नाहीत. वखारीतून आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची दर्शनी बाजू फाडून खोकेच जागेवर सरकवतात. इतर मोठ्या दुकानांच्या मानाने मालाचे प्रकारही फार थोडे, म्हणून मांडणीचे, मोजदादीचे आणि साठवणुकीचे श्रम मुळातच आटोक्यात राहतात.

परंतु खरे कौशल्य दिसते ते गल्ल्यावर. तेथील बाई डाव्या हाताने वस्तू ओढते, काचेवरून सरकवते आणि उजव्या हाताने पुढे ढकलते. वेष्टनाच्या अनेक बाजूंवर बारकोडच्या लांबलचक पट्ट्या छापलेल्या असल्याने वस्तू उलटसुलट करून पाहण्याचे तिला कारणच पडत नाही. स्कॅनर येण्यापूर्वी हेच काम केवळ स्मरणशक्तीच्या बळावर चाले, ही गोष्ट मला विलक्षण आदराची वाटते. रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांना नाणी मोजायला वेळ लागला, तेव्हा हा वेगवान हात निमूटपणे थांबला, आणि मागच्यांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. गिऱ्हाईक ओसरताच तीच बाई उठून रिकामी खोकी गोळा करू लागली.

या स्वस्ताईचे श्रेय लोक मालकाच्या चातुर्याला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या हातांचा आहे. आणि एवढे काम ती करते ते खुर्चीवर बसून. पुण्या-मुंबईच्या झगझगीत दुकानांत गल्ल्यावरच्या मुली दिवसभर उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. दुकानांतील नोकरांना बसण्याचा हक्क केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली कायद्याने दिला. आपल्याकडील दुकानचालकांनी सरकारी हुकमाची वाट न पाहता प्रत्येक गल्ल्यामागे एक खुर्ची ठेवावी, आणि ती दिसली नाही तर गिऱ्हाइकांनी तसे विचारावे.