‘फिट टू पेज’मुळे बिघडते नकाशाचे माप

बांधकामाच्या नकाशावर ‘प्रमाण १:१००’ असे लिहिलेले असले, तरी कागदावरील रेषा त्या प्रमाणात उतरतीलच असे नाही. पीडीएफ फाइल छापताना ‘फिट टू पेज’ हा पर्याय निवडल्यास छपाईयंत्राच्या समासात बसेल इतका नकाशा लहान केला जातो. ए-१ आकाराचा (५९४ × ८४१ मि.मी.) नकाशा ए-३ कागदावर घेतल्यास तो सुमारे निम्मा होतो व प्रमाण १:२००च्या आसपास जाते. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. खरा धोका ए-१ नकाशा ए-१ कागदावरच, समजा, ९७ टक्के आकारात छापला जातो तेव्हा असतो. ३ मीटरची भिंत ३०ऐवजी २९.१ मि.मी. उतरते आणि पट्टीने मोजणाऱ्यास ती २.९१ मीटर भासते. ९ सें.मी.ची ही तफावत बहुधा कपाट बनून आल्यावरच उघडकीस येते!

त्यामुळे छपाईसाठी ‘अ‍ॅक्चुअल साइज’, म्हणजेच १०० टक्के, हाच पर्याय निवडावा. प्रत हाती येताच नकाशावरील मापपट्टी पोलादी पट्टीने तपासावी. १:१०० प्रमाणात १० मीटरची खूण बरोबर १०० मि.मी. भरली पाहिजे. नकाशा आक्रसला की मापपट्टीही आक्रसते, लिहिलेले प्रमाण मात्र तसेच राहते. जेथे आकड्यांत माप दिलेले आहे, तेथे पट्टी न लावता तेच ग्राह्य धरावे.