रस्सीखेच खेळल्याने कुत्रा चावरा होतो का?

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जंगलांत शिकारीचा माग काढायला वनविभाग प्रशिक्षित श्वानांची मदत घेतो. वाघाचं कातडं किंवा हाडं शोधल्याबद्दल श्वानाला काय मिळतं? बऱ्याच शोधक श्वानांना बक्षीस म्हणून खाऊऐवजी आवडत्या खेळण्याची ओढाताण मिळते.

पकडणं, ओढणं, झटकणं हा कुत्र्याच्या शिकारी स्वभावाचाच भाग आहे. वास सापडला की लगेच खेळ, हे पुन्हा पुन्हा घडलं की तो वास शोधणंच त्याला हवंसं वाटतं.

‘यामुळे कुत्रा डोक्यावर बसतो’ असं अनेकांना वाटतं. २००२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर प्रयोग केला. खेळात कुत्रा जिंकला म्हणून तो माणसावर वर्चस्व गाजवू लागला, असं दिसलं नाही.

घरी खेळताना हे पाळा:

• सांगितलेलं काम केलं की लगेच खेळा.
• ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं, तरच पुढचा डाव.
• दात हाताला लागले की खेळ बंद.
• दोर जमिनीलगत, डावी-उजवीकडे हलवा. वर उचलू नका. पिल्लांशी अगदी हलक्या हाताने.

खेळणं राखत कुत्रा अंगावर येत असेल, तर मात्र हा खेळ थांबवा आणि जाणकार प्रशिक्षकाला दाखवा.